रिकाम्या खोक्याचं वय

आधी वास.
झाकण उघडण्याअगोदर मी खोका नाकाशी नेतो.
लोक हसतात. हसोत.
मेणकागद, तेल, तळघरातली ओल,
एवढ्यावरून दशक कळतं, साल कळत नाही.

सालासाठी कोपरे बघावे लागतात.
हॅलोरन अँड पाइकवाले आधी सरसानं चिकटवायचे,
मग कुणीतरी तारेच्या पिना मारायचं यंत्र आणलं
आणि पुठ्ठ्याला गंजाचे चार डोळे फुटले.
रंगावर विसंबू नये. मरून विटला की तपकिरी होतो,
निळा विटला की ज्याच्या त्याच्या मनातला.
त्या निळ्यावरून हमरीतुमरीवर आलेली
पिकल्या केसांची माणसं मी पाहिली आहेत,
आणि ज्याच्यासाठी खोका केला ते रिव्हॉल्व्हर
शेजारी पडलेलं, कुणी ढुंकूनही न बघता.

माझी रीत वेगळी.
एकतीस वर्षं डुलुथच्या चढांवर मी टपाल वाटलं,
मी आधी पत्ता वाचतो.
आतल्या घडीपत्रकावर, अगदी तळाशी,
कारखान्याचा रस्ता, गाव, मॅसॅच्युसेट्स.
पुढे पाच आकडे असले तर त्रेसष्टनंतरचा,
नसले तर बहुधा अगोदरचा.
मी तेव्हा नोकरीत नवा होतो,
ते आकडे घोकताना बायकोचा वाढदिवस विसरलो होतो.

फेब्रुवारीत क्लोकेच्या प्रदर्शनात
आर्डिस क्विस्ट माझ्या टेबलाशी आली.
पावाच्या पिशवीत गुंडाळलेला खोका, रिकामा.
रिव्हॉल्व्हर तिनं शेरीफकडे देऊन टाकलं होतं.
"किंमत नको सांगूस," म्हणाली, "साल सांग.
मर्टन म्हणायचा, दुकान फुटलं त्यानंतर घेतलं,
म्हणजे सहासष्ट."

मी चष्मा पुसला. पिना होत्या.
पत्त्यापुढे आकडे नव्हते.
बुडाला पेन्सिलीनं नंबर, कुणाच्या तरी घाईच्या हातचा,
माझ्या वहीतल्या दोन नंबरांच्या मधोमध बसणारा.
"साठ," मी म्हणालो. "फार तर एकसष्ट."
किती खूश होतो मी! गाठ सुटली की होतो तसा.

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
"त्या हिवाळ्यात गोदीचं काम बंद होतं.
रात्री उठून तो गॅरेजमध्ये जाऊन बसायचा.
मी समजायचे, रेडिओ ऐकतोय."

एकतीस वर्षं मी बंद पाकिटं पोचवली.
आत काय आहे याची जबाबदारी माझी नव्हती.

मग मी म्हणालो, कारखाने जुनी पत्रकं
संपेपर्यंत वापरतात, वर्ष दोन वर्षं चूक होऊ शकते.
खोटं नव्हतं ते. पण सहा वर्षांना पुरणारंही नव्हतं,
आणि तिला ते कळलं.

हात रिकामे राहू नयेत म्हणून मी मेणकागद उचलला.
त्यावर अजून नळीचा, मुठीचा ठसा होता,
आणि घड्या झिजून कापडासारख्या मऊ,
एके ठिकाणी फाटून आतून चिकटपट्टी लावलेली.
"हा कितीदा तरी उघडलाय," माझ्या तोंडून गेलं.
जीभ चावली मी.

तिनं कागद हातात घेतला.
घडीवरून अंगठा फिरवला,
इस्त्रीची बाई फिरवते तसा.
"आणि परत घातलाय," ती म्हणाली.
"हो."
"दर वेळी?"
"चारही कोपरे जुळवून."

तिनं स्वतःही तसाच घातला, जरा वेळ लागला.
खोका पिशवीत, पिशवी काखेत.
पैसे विचारले, मी नाही म्हटलं,
तरी टेबलावर एक डॉलर ठेवून गेली,
हातमोज्यासारखा चुरगळलेला.

शेजारच्या टेबलावरून डेलमार ओरडला,
"निळा होता का रे?"
मला आठवेना.